योनीच्या आतल्या ओठांवर बारीक दाणे: चामखीळ की कातडीची ठेवण?

ताई, तुम्ही लिहिलंय की आतल्या ओठांवर गुलाबी, मऊ, बारीक दाण्यांच्या रांगा दिसल्या. खाज नाही, दुखत नाही. गावातल्या मेडिकलवाल्याने न पाहताच 'गुप्तरोगाची चामखीळ' म्हणून जाळायचं औषध दिलं आणि आता घरात नवऱ्यावर संशय आहे. आधी ती बाटली बाजूला ठेवा. तुम्ही सांगता तसंच असेल, तर ही चामखीळ नसण्याचीच शक्यता जास्त. पक्कं मात्र तपासूनच सांगता येईल.

पाहायचं ते दाण्याचं बूड. दिवसाउजेडी खिडकीजवळ बसा, हात धुवा, हातातला आरसा खाली धरा आणि ओठ दोन बोटांनी हलकेच बाजूला करा. पाळी चालू असताना किंवा संबंधानंतर लगेच पाहू नका. तेव्हा सूज असू शकते आणि सगळंच वेगळं दिसतं. मोबाइलने फोटो काढून कुणाला पाठवण्याच्या भानगडीत तर पडूच नका.

प्रत्येक दाणा आपापल्या बुडातून वेगळा निघालेला असेल, मऊ असेल, आजूबाजूच्या कातडीच्याच रंगाचा असेल, आणि दोन्ही बाजूंना साधारण सारख्या रांगेत असेल, तर ती बहुधा कातडीची नैसर्गिक ठेवण. डॉक्टर तिला वेस्टिब्युलर पॅपिलोमॅटोसिस म्हणतात. हे नाव कागदावर लिहून न्या, कारण अनुभव नसलेले डॉक्टरही तिला चामखीळ समजून जाळतात. तिची ना लागण होते ना ती पसरते, आणि तिला औषध लागत नाही. काही पुरुषांनाही शिश्नाच्या टोकाच्या कडेने असेच मोत्यासारखे दाणे असतात आणि तेही घाबरून डॉक्टरकडे येतात.

चामखिळीचं उलट. अनेक शेंडे एकाच बुडाला जुळलेले असतात, गोबीच्या फुलासारखे. हाताला जरा कडक, खरखरीत लागते. कुठे एक, कुठे चार, एका बाजूला जास्त. रांग अशी नाहीच. रंग गुलाबी, पांढरट, तपकिरी कसाही. बाहेरच्या ओठांवर, गुदद्वाराजवळही येते आणि काही आठवड्यांत वाढते किंवा नवी उगवते. काही आपोआप जातातही, म्हणून एकदा पाहून निकाल लावू नये. सुरुवातीची चामखीळ चपटीही असते. तिथे आरसा कमी पडतो.

बाकीच्या गोष्टी भराभर सांगते. कातडी ताणली की दिसणारे पिवळट-पांढरे ठिपके म्हणजे तेलग्रंथी, त्यांना काही करू नका. बाहेरच्या ओठावर पिवळट, घट्ट गाठ असेल तर ती साधी गाठ असू शकते. पिळली की पिकते. केस काढल्यावर केसाच्या मुळाशी येणारी फोडं वेगळी. जांघेत देठावर लोंबणारी मऊ कातडी घर्षणाने येते. मोत्यासारखा गोल दाणा आणि मधोमध खळगा असेल, तर तो मोलस्कम. तोही चामखिळीसारखा विषाणूमुळेच होतो, पण विषाणू वेगळा.

दोन गोष्टी मात्र साध्या समजू नका. पांढरी पडलेली, पातळ, सुरकुतलेली कातडी आणि रात्री झोपू न देणारी खाज हे बहुतेक वेळा लायकेन स्क्लेरोसस नावाच्या कातडीच्या आजाराचं लक्षण असतं. त्याला डॉक्टरांच्या देखरेखीखाली कडक स्टिरॉइड मलम लागतं, नाहीतर ओठ आक्रसतात, आणि थोड्या बायकांत पुढे कर्करोगही होतो. दुसरं, चपटे, ओलसर, राखाडी-पांढरे उंचवटे. ते सिफिलिस या गुप्तरोगाचे असू शकतात आणि त्यासाठी रक्ताची आरपीआर किंवा व्हीडीआरएल तपासणी लागते. पेनिसिलिनच्या इंजेक्शनने तो बरा होतो. जाळून होत नाही.

आता जाळण्याबद्दल. पायाच्या कुरूपाचं सॅलिसिलिक अ‍ॅसिड, चुना-सोडा, बिब्बा यांपैकी काहीही त्या जागी लावू नका. आतली कातडी नाजूक असते. जखम होते, वण पडतो, लघवीला आग होते, आणि मग मूळ काय होतं ते कुणालाच ओळखता येत नाही. पॉडोफिलिन हे जाळायचं औषध खऱ्या चामखिळीवर चालतं, पण तेही डॉक्टरच लावतात, आजूबाजूला व्हॅसलिन लावून, आणि १ ते ४ तासांत धुवायचं असतं. गरोदर बाईला ते अजिबात चालत नाही. 'खाज-खुजली'ची मिश्र ट्यूबही नको. त्यातल्या स्टिरॉइडने नायटा दबतो, मग दुप्पट पसरतो. घरचं व्हिनेगर लावून पांढरं होतं का पाहण्याची युक्ती फसवी आहे, कारण ओरखडा किंवा बुरशी असली तरी कातडी पांढरी होते.

दाखवायचं कुठे? जिल्हा रुग्णालयात किंवा मेडिकल कॉलेजात 'सुरक्षा क्लिनिक' असतं, तिथे सल्ला आणि तपासणी मोफत होते. नागपूर, यवतमाळ, अकोला, चंद्रपूर, गोंदियात सरकारी मेडिकल कॉलेजं आहेत. सेवाग्रामचं रुग्णालयही आहे. खिडकीवर 'कातडीचा त्रास' एवढं सांगितलं तरी चिठ्ठी मिळते. तपासताना बाई डॉक्टर किंवा नर्स सोबत हवी असं मागा, त्यात लाजण्यासारखं नाही. ठेवण नेहमीची असेल तर तुकडा काढायची गरज पडत नाही, भिंगातून पाहून भागतं. जखम भरत नसेल, रक्त येत असेल, काळसर टणक चट्टा असेल, किंवा दिवस गेले असतील, तर बाजारच्या दिवसाची वाट पाहू नका.

आणि नवऱ्याचं. चामखीळ निघालीच, तरी तिच्यावरून कुणी कधी काय केलं हे कळत नाही. चामखीळ ज्याने होते तो एचपीव्ही विषाणू अंगात महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षे गप्प बसतो. लग्नाआधीचाही असू शकतो, तुमच्याकडून किंवा त्यांच्याकडून. बहुतेक चामखिळी या विषाणूच्या ६ आणि ११ या प्रकारांमुळे होतात. गर्भाशयाच्या मुखाच्या कर्करोगाला मुख्यतः १६ आणि १८ हे प्रकार कारण असतात, म्हणून चामखीळ म्हणजे कॅन्सर नव्हे. तीस ओलांडली असेल तर गर्भाशयमुखाची तपासणी तशीही करून घ्या. आशाताईला विचारलं तर जवळ कुठे होते ते सांगेल. चामखीळ ठरली तर नवऱ्यालाही सोबत न्या, आणि इलाज होईपर्यंत निरोध वापरा. त्याने धोका कमी होतो, पूर्ण टळत नाही, कारण निरोध झाकत नाही त्या कातडीवरूनही विषाणू जातो. इलाजानंतरच्या तीन महिन्यांत चामखीळ परत येऊ शकते. आली तर इलाज फसला असं समजून औषध बदलत बसू नका, त्याच डॉक्टरकडे परत जा.