मॉरिशसला येताय? आधी कुत्र्यांचं सांगते

ताई, नवऱ्याची नोकरी एबेनला, घर समुद्रकाठच्या फ्लिक-आं-फ्लाकला बघताय, सोबत सहा वर्षांचा मुलगा. भटकी कुत्री फार आहेत का, साप-माकडांचं काय, आणि घरची लॅब्रेडॉर आणता येईल का, असं तुम्ही विचारलंय. मी चिपळूणची, इथे सात वर्षं झाली.

कुत्री भरपूर आहेत. दुपारी किनाऱ्यावर सुरूच्या सावलीत निवांत पसरलेली असतात. त्यातली सगळी बेवारशी नाहीत. बऱ्याच जणांची कुत्री घराचं फाटक उघडं असलं की दिवसभर गावभर हिंडतात आणि जेवायला घरी जातात. दिवसा बहुतेक गरीब. अंधार पडला की मात्र टोळी जमते आणि स्कूटरमागे धावते. पळू नका. खाली वाकून दगड उचलल्यासारखं करायचं, ही आपली गावाकडची युक्ती इथेही चालते. पहिल्याच आठवड्यात आमची शेजारीण कुत्र्यावर ओरडली, "आले! आले!" मी दचकून मागे बघितलं, कोण आले? इथल्या क्रिओल बोलीत 'आले' म्हणजे 'जा'. आता मीही तसंच ओरडते.

मुलाच्या दृष्टीने मोठी गोष्ट म्हणजे मॉरिशसमध्ये रेबीज नाही. कुत्रं चावलं तर जखम साबणाने भरपूर धुवायची आणि दवाखान्यात जायचं, धनुर्वाताचं इंजेक्शन लागू शकतं. पण आपल्याकडे पोटात जो गोळा येतो, तो इथे येत नाही. आणि घोळ नेमका त्यातूनच होतो. माझी लेक इथल्या कुत्र्यांच्या गळ्यात पडत वाढली. सुट्टीत चिपळूणला एसटी स्टँडवर कुत्रीच्या पिल्लांत जाऊन बसली, एकाने दात लावला. अख्खी सुट्टी रेबीजच्या इंजेक्शनांच्या तारखा सांभाळण्यात गेली. चूक माझी होती. भारतातला नियम वेगळा, हे तिला विमानात बसण्याआधी बजावायला हवं होतं.

साप डोक्यातून काढून टाका. माणसाला धोका होईल असा विषारी साप इथे जमिनीवर नाही. घोण मात्र असते आणि चावली की जबर ठणकतं, म्हणून बूट झटकून घालायचे. भिंतीवर हिरवीगार, लाल ठिपक्यांची पाल दिसेल. ती दिवसाढवळ्या फिरते आणि टेबलावरचा जॅम चाटते. रात्री बागेत काटेरी, लांब नाकाचं काही खुडबुडलं तर तो 'तांग', मूळचा मादागास्करचा. त्याला त्याच्या वाटेने जाऊ द्या.

माकडंही इथली नव्हेत, साधारण चारशे वर्षांपूर्वी जहाजांतून आलेली. फ्लिक-आं-फ्लाकच्या वस्तीत त्यांचा त्रास नाही. गंगा तलाव या इथल्या शिवतीर्थाला मात्र जाल, सगळेच जातात. तिथे मंगल महादेवाच्या १०८ फुटी मूर्तीकडे मान वर करून बघत असताना हातातली केळी गेलीच म्हणून समजा. नैवेद्य पिशवीत झाकून न्या.

लिचीच्या दिवसांत, म्हणजे नोव्हेंबर-डिसेंबरला, रात्री पत्र्यावर टपटप आवाज आला तर ती वटवाघळं, अर्धी खाल्लेली फळं टाकतात. बागायतदार त्यांच्यावर इतके चिडलेले, की २०१५ पासून सरकारने हजारोंनी मारली. ही जात मास्करीन बेटांबाहेर (मॉरिशस त्यातलंच एक) कुठेही सापडत नाही, तरीही. मला ते पटलेलं नाही. आमच्या घरमालकाने झाडावर जाळी टाकली, त्याचं काम भागलं. जखमी वटवाघूळ दिसलं तर मुलाला हात लावू देऊ नका.

लॅब्रेडॉर येऊ शकते, पण रेबीज नसलेला देश असल्यामुळे भारतातून आलेल्या कुत्र्याची तपासणी कडक असते. आयात परवाना आधी लागतो, आल्यावर क्वारंटाइन. आम्ही तिकिटं काढून मग चौकशी केली आणि आमचा मोती आईकडेच राहिला. तुम्ही विमानाच्या आधी कागदपत्रांना हात घाला, आणि लसीकरणाचं पुस्तक आजच शोधून ठेवा.