सोसायटीशेजारच्या बांधकाम मजुरांच्या कुटुंबांसाठी कपडे-खाऊ वाटण्यापलीकडे काय करता येईल?

तुम्ही लिहिलंय की पत्र्याच्या खोल्यांतली ही चाळीसेक कुटुंबं मराठवाडा, छत्तीसगड, बिहारकडून आलीत आणि इमारत उभी राहिली की निघून जातात. म्हणजे खरी अडचण कपड्यांची नाही, कागदांची आहे. गावी हक्काचं असलेलं रेशन, शाळा, लसीकरण इथे आलं की तुटतं. ते जोडून द्या, आणि पुढच्या साइटवरही जोडलेलं राहील असं बघा.

तुमच्यातले चार-पाच जण पुरेत, पण सोबत वस्तीतली एक बाई हवीच. आधी मुकादमाला भेटा. त्याला न सांगता गेलात तर दुसऱ्या दिवशी कुणी तोंड उघडणार नाही. जायचं ते संध्याकाळी सातनंतर किंवा आठवडी बाजारासाठी सुट्टी असते त्या दिवशी.

सुरुवात रेशनपासून करा, कारण धान्य हातात पडलं की विश्वास बसतो. अन्नसुरक्षा यादीतलं, म्हणजे स्वस्त धान्याच्या हक्काचं कार्ड देशातल्या कुठल्याही रेशन दुकानात चालतं. प्राधान्य कुटुंबाला (यादीतली बहुतेक कुटुंबं याच गटात असतात) महिन्याला माणशी 5 किलो धान्य मिळतं. कार्ड गावी सासूकडे राहिलं तरी नंबरावर काम होतं. आणि हे सगळ्यांना पुन्हा पुन्हा सांगा: इथे आपला वाटा उचलला म्हणून गावाकडच्यांचा वाटा जात नाही. याच भीतीपोटी कितीतरी जण दुकानाची पायरीच चढत नाहीत.

अडतं ते बहुतेक अंगठ्यावर. माल कालवून, विटा उचलून बोटांच्या रेषा झिजतात आणि मशीन ओळखत नाही. कामाला जायच्या आधी, हात साबणाने धुऊन कोरडे करून, दहाही बोटं एकेक करून लावून बघा. दुकानात डोळ्याचं मशीन असेल तर ते मागा. तरीही जमलं नाही तर आधार केंद्रावर ठसे नव्याने घ्यावे लागतात. ई-केवायसी, म्हणजे आधारवरून ओळख पडताळणी, राहिलेलं नावही दुकानात असंच अडकतं. महिनाअखेरीस दुकानात माल खरंच संपलेला असतो, म्हणून पहिल्या पंधरवड्यात जा. ‘बाहेरचं कार्ड चालत नाही’ असं उत्तर आलं तर 14445 या रेशनच्या हेल्पलाइनवर तक्रार करा.

शाळेत ‘आधीच्या शाळेचा दाखला आणा’ म्हणून मूल परत पाठवतात. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यात दाखला किंवा जन्माचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, आणि मुलाला वयाप्रमाणे वर्गात बसवायचं असतं. मुख्याध्यापकांशी भांडू नका, लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. गावच्या शाळेने शिक्षण हमी पत्रक (स्थलांतर करणाऱ्या मुलाच्या शिक्षणाची नोंद असलेलं कार्ड) दिलं असेल तर काम सोपं होतं. सहा वर्षांखालच्यांची नावं अंगणवाडीत घाला. गोवर-रुबेलाचा पहिला डोस 9 महिन्यांना, दुसरा 16 ते 24 महिन्यांत. साइट बदलली की नेमका दुसरा चुकतो.

बांधकाम मजुरांसाठीच्या सरकारी कल्याण मंडळाच्या नोंदणीला वय 18 ते 60 आणि मागच्या वर्षात 90 दिवस काम केल्याचा दाखला लागतो. ठेकेदार सही द्यायला टाळाटाळ करतो, तेव्हा महापालिकेकडे किंवा ग्रामसेवकाकडे जा. मुलांची शिष्यवृत्ती, बाळंतपणाची मदत यावरच मिळते. नूतनीकरण विसरलं की लाभ थांबतो, म्हणून तारीख लिहून ठेवा. एजंटाला पैसे देऊ नका, कुटुंबांनाही देऊ देऊ नका.

एक काम मात्र सोसायटीच्या वजनानेच होतं. 50 हून जास्त महिला कामावर असतील तर सहा वर्षांखालच्या मुलांसाठी पाळणाघर देणं 1996 च्या बांधकाम कामगार कायद्याने मालकावर बंधनकारक होतं; नोव्हेंबर 2025 पासून त्या कायद्याची जागा नव्या कामगार संहितांनी घेतली आहे, म्हणून पाळणाघराची आजची अट कामगार कार्यालयात विचारून घ्या. सोसायटीच्या लेटरहेडवर बिल्डरला पत्र द्या. सळयांत आणि पाण्याच्या टाकीजवळ खेळणारी पोरं आज सांभाळायला कुणी नाही.

प्रत्येक घराला चेनचं एक प्लास्टिक फोल्डर द्या. त्यात रेशन कार्डाचा नंबर, आधारच्या झेरॉक्स, लसीचं कार्ड, शाळेची पोच, मंडळाची पावती. निघायच्या आठवड्यात शाळेतून दाखला आणि अंगणवाडीतून बाळाच्या वजनाची नोंद घेऊन त्यात टाका. आणि तुमच्यापैकी एकाचा फोन नंबर फोल्डरच्या आत मोठ्या अक्षरांत लिहा, म्हणजे पुढच्या गावात काही अडलं तर विचारायला कुणीतरी असेल.