का सरकलं ते कळल्याशिवाय सही नाही

प्रिय मुली,

तुझा रात्री अडीचला पाठवलेला मेसेज सकाळी वाचला आणि समोरचा चहा तसाच गार झाला. अफगाणिस्तानातल्या बगराम तळावर मालवाहू विमान कोसळलं, तो व्हिडिओ पाहिल्यापासून तुला झोप नाही. विमानात माल चढवून बांधून घेणाऱ्या लोडमास्टरबद्दल तू विचारतेस, "लोडमास्टर स्वतः त्याच विमानात बसणार होता ना काका, मग त्यानं नीट का नाही बांधलं?" आणि अगदी शेवटी, सहज आठवल्यासारखं लिहिलंयस की परवा एका पॅलेटचा, म्हणजे माल ज्यावर रचून बांधतात त्या सपाट तळाचा, पट्टा सैल निघाला, सिनियरनं आवळून घेतला, 'कर सही, उशीर होतोय' म्हणाला आणि तू केलीस. तुला खरं छळतंय ते हे शेवटचं. पण आधी बगराम.

29 एप्रिल 2013. नॅशनल एअरलाइन्सचं बोइंग 747-400 मालवाहू विमान. अफगाणिस्तानातल्याच कॅम्प बॅस्टियन या लष्करी तळावर पाच चिलखती गाड्या चढवल्या, इंधनासाठी बगरामला उतरलं, पुढे दुबईला जायचं होतं. उडालं, नाक वर वर जात राहिलं, वेग संपला आणि ते धावपट्टीच्या टोकाजवळ कोसळलं. सातही जण गेले. तालिबाननं लगेच 'आम्हीच पाडलं' म्हणून सांगितलं. तुमच्या ग्रुपवर म्हणे अजून चर्चा चालते की पायलटनं नाक जास्त ओढलं. त्या पोरांना सांग, धावपट्टीवर काय पडलेलं सापडलं ते आधी वाचा. विमानाच्या पत्र्याचे आणि हायड्रॉलिक (तेलाच्या दाबानं विमानाचे भाग हलवणाऱ्या) नळीचे तुकडे तिथे पडले होते. म्हणजे शेपटीकडचा भाग जमिनीवर आपटण्याआधीच फुटला होता. उड्डाणाची नोंद ठेवणारे दोन्ही रेकॉर्डरही चाकांनी जमीन सोडता सोडताच गप्प झाले.

अपघातांची चौकशी करणाऱ्या अमेरिकेच्या एनटीएसबीनं 2015 मध्ये निष्कर्ष दिला. सगळ्यात मागची 12 टनी गाडी सुटली, मागचा प्रेशर बल्कहेड, म्हणजे हवेचा दाब धरणारी शेपटीकडची भिंत, फोडून घुसली, दोन हायड्रॉलिक यंत्रणा तोडल्या आणि शेपटीचा आडवा पंख हलवणारा मोठा स्क्रू, जॅकस्क्रूच, निकामी केला. 'माल सरकला, तोल गेला' असं आपण एका वाक्यात म्हणून मोकळे होतो, तेही अर्धंच आहे. एका गाडीनं बदललेला तोल सावरता आला असता. सावरायचं ज्यानं, तेच मोडलं होतं.

आता तुझा प्रश्न. त्यानं निष्काळजीपणा केला म्हणून बांधलं नाही, असं मला वाटत नाही. कंपनीच्या पुस्तकात होतं तसं बांधलं. त्या पुस्तकात विमान बनवणाऱ्याची आणि डेकवरची कार्गो यंत्रणा बनवणाऱ्याची मोलाची माहितीच नव्हती. पट्ट्यांचा आकडा होता, कोनाचा हिशेब नव्हता. पट्टा 5,000 पौंडांचा असतो, पण तो सरळ ओढला तर. विमानाच्या फरशीशी 60 अंशांत बांधलास तर पुढेमागे धरायला त्यातलं निम्मंच बळ उरतं, आणि बाजूलाही तिरका असेल तर त्याहून कमी. वीस पट्टे मोजून समाधान मानणारा माणूस प्रत्यक्षात किती पट्टे बांधतो, तूच हिशेब कर. बरं, पॅलेट विमानाच्या फरशीवरच्या लॉकमध्येही अडकवलेले नव्हते. सगळा भार पट्ट्यांवर. वैमानिकाला परवाना लागतो, मेकॅनिकला लागतो, त्या लोडमास्टरला मात्र कसलंच सर्टिफिकेट लागत नव्हतं. याचा मला अजून राग येतो.

पण मला खरं टोचतं ते वेगळंच. बगरामला उभं असताना कॉकपिटमधल्या बोलण्यात तुटलेल्या पट्ट्याचा विषय निघाला होता. बॅस्टियनहून येताना माल काही इंच हललाही होता. काही इंच! माल त्यांना सांगत होता, की मला धरणारं बळ कमी पडतंय. का सरकलं, हा प्रश्न तिथे शेवटपर्यंत कुणी लावून धरला नाही. म्हणून सांगतो, का सरकलं ते कळल्याशिवाय सही नाही.

हे मी पुस्तकातून शिकलो नाही. नोकरीला सहा वर्षं झाली होती. पावसाळ्याची रात्र, विमान आधीच उशिरा, आणि एका पॅलेटची जाळी एका बाजूनं ढिली. मी स्वतः आवळली, स्वतः सही केली, वर पोरांना शाबासकीही दिली. दुसऱ्या दिवशी पलीकडच्या स्टेशनवरून फोन आला, तुमचा पॅलेट वीतभर पुढे आलाय, खालचा लॉक झिजलेला आहे. जाळी ढिली झाली होती ती पॅलेट हलत होता म्हणून. मी ढिलेपणा घालवला, कारण तिथेच ठेवलं. कुणाला काही झालं नाही, कुणी विचारलं नाही, आणि मीही कुठे लिहिलं नाही. तीस वर्षं झाली. त्या पुढच्या आठवड्यात तो लॉक आणखी कुणाच्या पॅलेटखाली होता, हे मला आजही माहीत नाही.

त्यानंतर मी हट्टी झालो. लोक म्हणत, याच्या शिफ्टला विमान वेळेवर सुटत नाही. दोनदा बढती हुकली. तुझ्या काकूनं कितीदा समजावलं, जगाचा भार तुम्ही एकट्यानं का उचलता? उत्तर मला कधी धड देता आलं नाही. आज देतो. ज्या कागदावर माझं नाव, त्या विमानात चार जण झोपायला, जेवायला, बोलायला विश्वासानं बसतात. माझी वीस मिनिटं त्यांच्याहून मोठी नव्हती. मी चुकलो नाही. चुकलो त्या पावसाळ्याच्या रात्री, त्यानंतर नाही.

तू मात्र 'सिनियर म्हणाले' असं लिहिलंस ते मला आवडलं नाही. सिनियर म्हणाले असतील. सही कुणाची आहे? पट्टा सैल का झाला? पट्टा आवळणारं रॅचेट घसरतंय? माल दबला? की लॉक? आवळल्यानं यातलं काय कळलं? का सरकलं ते कळल्याशिवाय सही नाही, हे मी तुला ट्रेनिंगच्या पहिल्या दिवशी सांगितलं होतं. रागावतोय, कारण तुला हे काम येतं. ज्याला येत नाही त्याला पहाटे अडीचला झोप लागते.

नोकरी सोडायचा विचार मनात आला असेल तर तो बाजूला ठेव. आज ड्युटीवर गेलीस की आधी त्या पॅलेटचा नंबर शोध, तो कुठल्या पोझिशनला होता ते बघ, आणि रजिस्टरमध्ये तारीख-वेळेसह लिही: पट्टा सैल आढळला, आवळला, कारण तपासलं नाही, सही माझी. मग इंजिनिअरिंगला फोन करून त्या पोझिशनचा लॉक बघायला सांग. सिनियर चिडेल. चिडू दे. रविवारी घरी ये, माझ्याकडे दोन जुने पट्टे आणि एक कोनमापक आहे, गच्चीवर बांधून बघू.

तुझा,
काका