मुलांच्या हृदयोपचारासाठी पैसा आधी कुठे लावावा?

तुमचा प्रश्न असा आहे की, विकसनशील देशातल्या मुलांच्या हृदयोपचारासाठी संस्थेने जमवलेला निधी नव्या ऑपरेशन थिएटरला द्यावा का. मी म्हणेन, इतक्यात नको. दर हजार जन्मांमागे आठ ते दहा बाळांच्या हृदयात जन्मजात दोष असतो आणि त्यातल्या साधारण एक चतुर्थांश बाळांना पहिल्या वर्षातच शस्त्रक्रिया किंवा तसा उपचार लागतो. त्यातली कितीतरी सर्जनपर्यंत पोचतच नाहीत, आणि काही फार उशिरा पोचतात. मोठं व्हीएसडी, म्हणजे हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्यातलं छिद्र, वेळेत बंद केलं नाही तर फुप्फुसातल्या रक्तवाहिन्या कायमच्या जाड होतात आणि मग ते छिद्र बुजवणंच जिवावर बेततं.

म्हणून सुरुवात प्रसूतिगृहातून करा. बाळ २४ तासांचं झालं की पल्स ऑक्सिमीटरने उजव्या हाताचं आणि एका पायाचं ऑक्सिजन मोजायचं. दोन्ही आकडे ९५ टक्के किंवा जास्त आणि दोन्हींतला फरक ३ किंवा कमी, तर बाळ पास. कुठलाही आकडा ९० च्या खाली गेला तर लगेच डॉक्टरांना बोलवायचं. अधलंमधलं काही आलं तर तासाभराने पुन्हा. फसगत बहुतेक वेळा प्रोबमुळे, म्हणजे अंगाला लावायच्या सेन्सरमुळे, होते. मोठ्यांच्या बोटाला लावायची क्लिप बाळाच्या पायाला चालत नाही, गुंडाळायचा नवजात प्रोबच हवा. पाय गार असेल, बाळ हलत असेल किंवा काविळीसाठी लावलेला फोटोथेरपीचा दिवा प्रोबवर पडत असेल तर आकडा चुकतो. उंच डोंगराळ भागात मर्यादाही स्थानिक मोजमापांवरून ठरवाव्या लागतात.

ही तपासणी सगळं पकडत नाही. व्हीएसडी तर हमखास सुटतं, महाधमनी अरुंद असली तरी आकडा नॉर्मल येऊ शकतो. त्यासाठी जांघेतली नाडी बोटांनी तपासायची सवय लावा, आणि सहा आठवड्यांच्या लसीच्या वेळी तीन गोष्टी विचारायला सांगा : दूध पिताना घाम येतो का, मध्येच थांबून धाप लागते का, वजन वाढतंय का. याला खर्च नाही, शिकवणं मात्र पुन्हा पुन्हा लागतं.

पुढचा कच्चा दुवा म्हणजे बाळाला शस्त्रक्रियेच्या रुग्णालयात नेण्याचा प्रवास. ज्यांचा जीव डक्टस (महाधमनी आणि फुप्फुसाची धमनी यांना जोडणारी, जन्मानंतर एरवी बंद होणारी रक्तवाहिनी) उघडा राहण्यावर अवलंबून असतो, त्यांना तो उघडा ठेवणारं प्रोस्टाग्लँडिन ई-१ हे औषध शिरेतून सतत द्यावं लागतं, प्रति किलो दर मिनिटाला ०.०१ ते ०.१ मायक्रोग्रॅम. औषध फ्रीजमध्ये २ ते ८ अंशांवर ठेवायचं असतं, आणि त्याने बाळाचा श्वास अचानक थांबू शकतो, विशेषतः २ किलोखालच्या बाळाचा. तेव्हा औषध ठरल्या वेगाने देणारा सिरिंज पंप, बाळाच्या मापाची अंबू बॅग (हाताने दाबून श्वास देणारी पिशवी) आणि ती वापरता येणारी नर्स गाडीत असल्याशिवाय बाळ हलवू नये.

शस्त्रक्रियेनंतरचे पहिले काही दिवस आयसीयूचे, आणि तिथे मुलं गमावण्याचं एक मोठं कारण म्हणजे जंतुसंसर्ग. विकसनशील देशांतल्या केंद्रांसाठी २००८ मध्ये सुरू झालेल्या आयक्यूआयसी (मुलांच्या हृदयशस्त्रक्रियेचा दर्जा सुधारण्यासाठीचं आंतरराष्ट्रीय सहकार्य) या उपक्रमाने म्हणूनच भर दिला तो हात धुणं आणि संसर्ग रोखणं, नर्सना बोलायचा अधिकार देणं आणि प्रत्येक केसची नोंद ठेवणं यांवर.

थिएटरचा प्रस्ताव समोर आलाच, तर त्या रुग्णालयाला आधी विचारा : रात्रपाळीत एका नर्सकडे व्हेंटिलेटरवरची किती मुलं असतात, संसर्गाची नोंदवही शेवटची कधी भरली, आणि घरी गेलेल्या मुलांना फेरतपासणीला कोण बोलावतं?