५१ टक्के मालकी तुमच्या नावावर? ग्रीन कार्ड असेल तर आधी हे वाचा

न्यू जर्सीतल्या एडिसनहून एका ताईंनी विचारलंय. मूळच्या साताऱ्याच्या, ग्रीन कार्डवर आहेत, पुढच्या वर्षी सिटिझनशिपचा फॉर्म भरायचाय. मिस्टरांच्या ओळखीतला एक बिल्डर ट्रेंटनमध्ये गांजाची लायसन्सवाली डिस्पेन्सरी, म्हणजे दुकान, काढतोय आणि त्याची ऑफर अशी, की ५१ टक्के तुमच्या नावावर ठेवू, तुम्ही बाईही आणि मायनॉरिटीही, नंबर लवकर लागेल, पैसा सगळा आमचा, तुम्ही फक्त सह्या करा आणि दर महिन्याला ठरलेली रक्कम घ्या. एका प्राथमिक कागदावर ताईंची सही झालीय. त्या म्हणतात, "राज्य सरकारच मायनॉरिटीला पुढे या म्हणतंय, मग यात बेकायदा काय?"

ताई, पुढची सही करू नका. आधी हे, बाकीचं चहा घेत वाचा.

राज्यापुरतं बोलायचं तर बिल्डर अगदीच थापा मारत नाहीये. न्यू जर्सीत गांजा कायदेशीर करायला २०२० ला सार्वमत झालं, फेब्रुवारी २०२१ मध्ये कायद्यावर सही झाली, एप्रिल २०२२ पासून दुकानांत विक्री सुरू. लायसन्स देताना तिथलं कॅनाबिस (म्हणजे गांजा) कमिशन काही जणांच्या अर्जांना प्राधान्य देतं: गांजाच्या केसमध्ये पूर्वी शिक्षा झालेले, गरीब वस्त्यांत वर्षानुवर्षं राहिलेले, शिवाय मायनॉरिटी, बायका आणि अपंग माजी सैनिक यांच्या मालकीचे धंदे. मायनॉरिटीत भारतीय उपखंडातले लोक बसतात आणि ग्रीन कार्डमुळे तिथे अडतही नाही.

पण मालकी म्हणजे नुसतं नाव नव्हे, कारभारही तुमच्याच हातात पाहिजे. तुम्ही पाठवलेला ड्राफ्ट वाचला. त्यात एक कलम आहे की लायसन्स मिळाल्यावर बिल्डरची कंपनी तुमचा सगळा हिस्सा एक डॉलरला विकत घेऊ शकते. दुसरं, दुकान चालवायचं सगळं काम त्याच्याच दुसऱ्या कंपनीकडे, आणि फी इतकी की नफा म्हणून तुमच्याकडे काही उरतच नाही. बँकेच्या खात्यावर सही त्याची. कमिशन असले करार मागवून बघतं, आणि अर्जात खोटी माहिती दिली म्हणून लायसन्स गेलं तर अर्जावर मालक म्हणून नाव कुणाचं? तुमचं. आपल्याकडे सरपंचबाईंच्या नावाने नवरा कारभार हाकतो ना, तसलाच हा प्रकार, फक्त इथे सरपंचबाई तुम्ही. आणि स्पष्टच बोलते, गोरे आणि काळे जवळपास सारख्याच प्रमाणात गांजा ओढत असताना अमेरिकेत काळ्यांना अटक साडेतीन पटींहून जास्त होत होती, एसीएलयू या नागरी हक्कांसाठी लढणाऱ्या संस्थेच्या २०२० च्या रिपोर्टात हे आहे. प्राधान्याची कल्पना त्यातून आली. ती जागा बिल्डरने तुमचं नाव पुढे करून घ्यावी हे मला वकील म्हणून सोडा, माणूस म्हणूनही पटत नाही.

आता खरी भीती. हे सगळं राज्याचं झालं, तुमचं ग्रीन कार्ड फेडरल, म्हणजे केंद्र, सरकारचं आहे. फेडरल कायद्यात असा गांजा विकणं गुन्हाच आहे, राज्याचं लायसन्स भिंतीवर लावलं तरी. अमली पदार्थांच्या फेडरल यादीत गांजा कडक शेड्यूल एकमधून सौम्य शेड्यूल तीनमध्ये टाकायची चर्चा तुम्ही ऐकली असेल, त्यावर विसंबू नका, कारण शेड्यूल तीनमधलं औषधही कंट्रोल्ड सबस्टन्सच, म्हणजे कायद्याने नियंत्रित पदार्थच, असतं आणि इमिग्रेशनचा कायदा तेवढंच बघतो. कोर्टात शिक्षा व्हायचीही गरज नाही. हा माणूस या व्यापारात आहे किंवा त्याला मदत करतोय असं मानायला ऑफिसरकडे सबळ कारण असलं की देशात प्रवेश नाकारता येतो, आणि कंपनीच्या कागदांवर ५१ टक्के मालक म्हणून तुमचं नाव यापेक्षा सबळ काय हवंय त्याला! त्याच कलमात बायको-नवरा आणि मुलंही येतात, गेल्या पाच वर्षांत त्या पैशाचा फायदा घेतला आणि पैसा कुठून येतो हे माहीत होतं तर. म्हणजे तुमच्या मिस्टरांचंही कार्ड पणाला.

सिटिझनशिपचं तर यूएससीआयएसने, म्हणजे हे अर्ज बघणाऱ्या फेडरल खात्याने, एप्रिल २०१९ मध्येच लिहून टाकलंय, की राज्यात कायदेशीर असलं तरी गांजाचा फेडरल गुन्हा सिटिझनशिपसाठी लागणाऱ्या चांगल्या चारित्र्याच्या अटीच्या आड येऊ शकतो. अर्जात कंट्रोल्ड सबस्टन्स कधी पिकवला, वाटला, विकला का असा प्रश्नच आहे. खोटं उत्तर दिलंत तर ते आणखी वाईट.

गंमत बघा, न्यूअर्कमधल्या अमेरिकन नागरिकाला गांजाची जुनी केस लायसन्सच्या रांगेत पुढे नेते, तीच केस ग्रीन कार्डवाल्याला मायदेशी परतीच्या विमानात बसवू शकते.

तर आता काय करायचं. बिल्डरला फोनवर नको, ईमेलवर कळवा की मी यातून बाहेर आहे, माझं नाव आणि आयडीची कॉपी कुठेही वापरू नका. अर्ज कमिशनकडे गेलाय का ते लेखी विचारा, गेला असेल तर तुमचं नाव काढून घेतल्याचा कागद मागा. एक पैसाही घेऊ नका. व्हॉट्सअ‍ॅपचे मेसेज डिलीट करू नका, तुम्ही नाही म्हणालात हे उद्या त्यातूनच दाखवता येईल. सिटिझन झाल्यावर हा धंदा खरंच करावासा वाटला तर करा, पण स्वतःच्या पैशाने आणि स्वतःच्या वकिलाकडून करार वाचून घेऊन, बिल्डरच्या वकिलाकडून नाही. मिस्टर तोवर सिटिझन झाले नसतील तर मात्र त्यांच्यासाठी वरचं सगळं तसंच लागू.

आणि डिसेंबरात साताऱ्याला लग्नाला जायचंय असं लिहिलंय तुम्ही. परत येताना एअरपोर्टवरच हे प्रश्न विचारले जाऊ शकतात, त्यामुळे तिकीट काढायच्या आधी तो सही केलेला कागद घेऊन इमिग्रेशनच्या वकिलाला भेटून या.