नोकरी मध्येच सोडली. बॉण्डचे दोन लाख भरावेच लागतील का?

प्रश्न : बी.एस्सी. केमिस्ट्री झाल्यावर मी वेर्ण्याच्या एका औषध कंपनीत क्यूसीला (औषधांची गुणवत्ता तपासणाऱ्या विभागात) लागले. दुसऱ्या महिन्यात स्टॅम्प पेपरवर दोन वर्षांचा बॉण्ड करून घेतला. आधी सोडल्यास 'ट्रेनिंगचा खर्च' म्हणून २ लाख रुपये भरायचे. बाबांची जामीनदार म्हणून सही घेतली, शिवाय माझा सही केलेला कोरा चेक आणि मूळ गुणपत्रिकाही. डिचोलीहून रोजची ये-जा झेपेना, म्हणून १४ महिन्यांनी राजीनामा दिला. करारात नोटीस महिन्याची आहे, मी १५ दिवसांची दिली. आता कुंडईला नोकरी मिळाली आहे. जुन्या कंपनीने शेवटचा पगार अडवला आणि वकिलाची नोटीस पाठवली : सात दिवसांत २ लाख भरा, नाहीतर फौजदारी कारवाई, दोन वर्षे दुसऱ्या औषध कंपनीत काम करायचे नाही. घर जप्त होईल या भीतीने बाबांना झोप नाही. काय करू?
— एक वाचक, डिचोली

उत्तर : आधी बाबांना सांगा, नुसत्या नोटिशीने कुणाचे घर जात नाही. बॉण्ड मोडणे हा गुन्हा नव्हे, तो दिवाणी वाद आहे. कंपनीला दावा लावावा लागेल, तो शाबित करावा लागेल आणि हुकूमनामा मिळूनही पैसे भरले नाहीत, तर पुढे जप्तीचा विषय. जामीनदार म्हणून बाबांची जबाबदारी तुमच्याइतकीच; तुमच्याकडून निघेल त्याहून एक पैसाही जास्त नाही.

'गोव्यात असले बॉण्ड चालत नाहीत' असे छातीठोकपणे सांगणारे भेटतील. लग्न आणि मालमत्तेला आपल्याकडे पोर्तुगीज काळातला कायदा लागतो, त्यातून हा गैरसमज पसरला असावा. नोकरीच्या कराराला इथेही १८७२ चा भारतीय करार कायदाच लागतो. आणि बॉण्ड मुळातच बेकायदा, हेही खरे नाही. विजया बँकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये तीन वर्षे सेवा, नाहीतर २ लाख, ही अट वैध ठरवली. मात्र तो निकाल नीट वाचायला हवा. तिथे सरकारी बँक होती, जिला जाहिरात देऊन खुली भरती करावी लागते. आणि सोडून जाणारा सीनियर मॅनेजर होता, त्याला ती रक्कम झेपण्यासारखी होती. तुमची कंपनी खासगी, तुम्ही नुकत्याच पदवी घेऊन लागलेल्या. तुमच्याविरुद्ध हा निकाल दाखवला जाईलच. हा फरक आपण दाखवायचा.

खरा मुद्दा रकमेचा. करार कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे बॉण्डमधला आकडा ही कमाल मर्यादा असते. त्याच्या आत वाजवी भरपाई किती, ते न्यायालय ठरवते. दिल्ली उच्च न्यायालयापर्यंत गेलेल्या २०११ च्या एका प्रकरणात बॉण्ड २ लाखांचा होता, कंपनीचा प्रत्यक्ष खर्च सुमारे ६७ हजार आणि तीनपैकी दोन वर्षे नोकरी झालेली. कंपनीच्या पदरात पडले साडेबावीस हजार. हा निकाल आपल्या न्यायालयांवर बंधनकारक नाही, पण हिशेबाची ही रीत पटण्यासारखी आहे.

म्हणून उत्तरात पहिली मागणी ही : कोणते ट्रेनिंग, कुठे, किती दिवस, कोणी दिले, त्याचे बिल दाखवा. कंपनी बहुधा तुमचे ट्रेनिंग रेकॉर्ड काढील. एसओपीचा (काम कसे करायचे याच्या लेखी पद्धतीचा) नंबर, शेजारी तारीख आणि तुमची सही, अशी पानेच्या पाने. त्याने गांगरू नका. एसओपी वाचून सही करणे आणि सीनियरच्या शेजारी उभे राहून एचपीएलसी (औषधातले घटक तपासायचे यंत्र) शिकणे, हे औषध कारखान्यात सगळ्यांनाच करावे लागते. कर्मचाऱ्यांना असे प्रशिक्षण देणे औषध नियमांच्या शेड्यूल एमनुसार (औषधनिर्मितीचे निकष सांगणारे परिशिष्ट) कंपनीवरच बंधनकारक आहे. स्वतःचे कर्तव्य पार पाडल्याचे बिल तुमच्या नावावर कसे, हा आपला प्रश्न. बाहेरगावी पाठवून, फी भरून काही शिकवले असेल तर गोष्ट वेगळी. समजा असा ४८ हजारांचा खर्च शाबित झाला, तर २४ पैकी १० महिने राहिले म्हणून २० हजार. मी तरी याच्या पलीकडे जाणार नाही.

नोटिशीचे उरलेले १५ दिवस मात्र तुमच्या अंगावर आहेत. तेवढे पैसे अडवलेल्या पगारातून वळते करून घ्या असे लिहा आणि बाकीचा पगार मागा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेप्रमाणे राजीनाम्यानंतर दोन कामाच्या दिवसांत पगार चुकता करायचा असतो. तो मिळाला नाही तर पणजीत पाटोवरच्या श्रमशक्ती भवनात, कामगार आयुक्तांकडे लेखी तक्रार द्या. पीएफला कंपनी हात लावू शकत नाही.

मला काळजी वाटते ती त्या कोऱ्या चेकची. फौजदारीची वाट तिथूनच जाते. 'रक्कम मी लिहिलेलीच नाही' हा बचाव एकटा पुरत नाही. सही तुमची असेल तर चेक देण्याघेण्यापोटीच दिला, असे कायदा गृहीत धरतो. चेक केवळ तारण म्हणून दिला होता, देणे वादग्रस्त आहे, तो वटवू नये, हे कंपनीला आजच रजिस्टर्ड पोस्टाने कळवा. चेक नंबर लिहा, पावती जपून ठेवा. तरीही तो बँकेत टाकला आणि परत गेला, तर चेक न वटल्याबद्दल, परक्राम्य दस्तऐवज कायद्याच्या कलम १३८ ची नोटीस येईल. तिच्या १५ दिवसांच्या मुदतीत उत्तर गेलेच पाहिजे. तेव्हा वकिलाशिवाय राहू नका.

कुंडईची नोकरी निर्धास्त करा. नोकरी सुटल्यावर त्याच धंद्यात काम करायला बंदी घालणारी अट करार कायद्याच्या कलम २७ खाली शून्य ठरते. फक्त जुन्या कंपनीची कागदपत्रे किंवा व्हॉट्सअ‍ॅपवरचे बॅच रेकॉर्डचे फोटो नव्या जागी वापरू नका. मूळ गुणपत्रिका ओलीस ठेवायचा अधिकार माझ्या मते कंपनीला नाही. त्याच पत्रात परत मागा.

करारात 'वाद अमुक शहरातच' असे कलम आहे का, ते बघून ठेवा. अशी कलमे सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये नोकरीच्या करारांतही मान्य केली आहेत. तसे असेल तर दाव्यासाठी तिथे जावे लागेल, आणि तो हेलपाटा टाळायला दहा-पंधरा हजारांत तडजोड झाली तर मी ती करून टाका म्हणेन. मात्र लेखी 'देणे-घेणे काही नाही' आणि चेक हातात आल्याशिवाय पैसे देऊ नका. वकिलाच्या फीची अडचण असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा. स्त्रियांना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.