मेंदूच्या शस्त्रक्रियेनंतर बरे होताना इतरांची मदत कितपत लागते आणि ती कशी घ्यावी?

आपण लिहिले आहे की मेंदूतील गाठीची शस्त्रक्रिया पुढच्या महिन्यात ठरली आहे, घरी पत्नी आणि शाळेत जाणारा मुलगा एवढेच आहेत, नातेवाईक व शेजारी 'काही लागले तर सांगा' म्हणतात, पण कोणावर भार टाकण्याचा संकोच वाटतो. मी सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या एका अडत दुकानात दिवाणजी आहे. मेंदूच्या डाव्या पुढच्या भागावरील मेनिंजिओमाची, म्हणजे मेंदूच्या आवरणाला आलेल्या गाठीची, माझी शस्त्रक्रिया काही वर्षांपूर्वी मिरजेत झाली. त्या अनुभवावरून सांगतो की मदत पुष्कळ लागते, आणि कोणी काय करायचे हे शस्त्रक्रियेच्या आधीच ठरवून ठेवावे लागते. नंतर ते ठरवण्याची शक्तीच काही काळ आपल्याकडे नसते.

कामांचा क्रम लावणे, दोन गोष्टींतून एक निवडणे, आपल्याला काय हवे आहे ते ओळखून वेळेवर मागणे, ही कामे मुख्यतः मेंदूचा पुढचा भाग करतो. तेथे सूज असेल किंवा तेथेच शस्त्रक्रिया झाली असेल, तर माणूस शुद्धीवर असतो, ओळख ठेवतो, हसतोही, पण 'दुपारी काय खाणार?' एवढ्या प्रश्नानेही थकून जातो. घरच्यांना वाटते की तो आळसावला किंवा रुसला. मला भेटायला येणारा प्रत्येक जण मनापासून विचारत असे, 'काय लागतंय का?' आणि माझ्याकडे उत्तर नसे. लागत नव्हते असे नाही. काय लागते ते जुळवून शब्दांत मांडणे मला जमत नव्हते. गाठ मेंदूच्या दुसऱ्या भागात असेल तर अडचणी वेगळ्या असतील, पण हा थकवा बहुतेकांना येतो आणि तो काही आठवडे, कधीकधी काही महिने टिकतो. शस्त्रक्रिया होऊन घरी आल्यावर माणूस दिसायला ठीक दिसतो, म्हणून या थकव्यावर कोणाचा चटकन विश्वास बसत नाही. आपल्या पत्नीला आणि मुलाला हे आतापासूनच सांगून ठेवा.

म्हणून पहिले काम असे करा की मदतीची सूत्रे पत्नीखेरीज दुसऱ्या एका माणसाच्या हाती द्या. पत्नी आपल्याजवळ असणार. तिला फोन उचलणे, लोकांना तब्येत सांगणे, डबा कोण आणणार ते बघणे, हे सगळे एकाच वेळी झेपणार नाही. आमच्याकडे हे काम माझ्या मेहुण्यांनी घेतले. ते फार बोलणारे गृहस्थ नाहीत, पण ठरले ते करणारे आहेत, आणि या कामाला तोच गुण लागतो. 'काही लागले तर सांगा' असे म्हणणाऱ्या प्रत्येकाला त्यांनी एक नेमके काम दिले: शेजारच्या वहिनींकडे माझ्या मुलीची सकाळची शाळेची तयारी, एका चुलतभावाकडे तपासणीच्या दिवसाची गाडी, दुसऱ्याकडे रात्री रुग्णालयात थांबणे. सांगली आणि मिरज जवळ असल्याने माणसे आळीपाळीने येऊ शकली. मिरजेला उपचारासाठी माणसे फार लांबून येतात, वानलेस रुग्णालय १८९४ साली सुरू झाले तेव्हापासूनची ही परंपरा आहे; आमच्या शेजारच्या खाटेवरचे आजोबा कर्नाटकातून आले होते आणि त्यांच्याजवळ एकटा मुलगा होता, ज्याला जेवायला खाली जाण्याइतकीही उसंत नव्हती. आपल्याला रुग्णालय निवडता येत असेल तर शल्यचिकित्सकाच्या अनुभवाबरोबर तेथे आपली माणसे किती सहज पोहोचतील हेही पाहावे, असे मला वाटते.

नातेवाइकांना आधी सांगून ठेवण्याच्या काही गोष्टी आहेत, म्हणजे ते घाबरणार नाहीत. शस्त्रक्रियेत कवटीचा एक तुकडा काढून नंतर बहुधा टायटॅनियमच्या बारीक पट्ट्या आणि स्क्रू लावून परत बसवतात. पुढच्या बाजूची शस्त्रक्रिया असेल तर त्या बाजूचा डोळा पुढचे काही दिवस सुजून बंद होऊ शकतो, ती सूज उतरते. कानशिलाचा स्नायू कापावा लागला असेल तर तोंड पूर्ण उघडत नाही आणि चावताना दुखते. मला ज्वारीची भाकरी आमटीत कुस्करूनच खावी लागे. टाक्यांभोवतीची कातडी बधिर वाटते आणि भरून येताना खाजते. यांपैकी कशानेही धास्तावू नये, मात्र डॉक्टरांना प्रत्येक भेटीत सांगावे.

घरी आल्यावर सर्वांत जबाबदारीचे काम औषधांचे असते आणि ते रुग्णाच्या स्मरणावर कधीही सोडू नये. आमच्या घरी त्यासाठी एक जाड वही केली होती, तिच्यात वेळ, गोळी, देणाऱ्याची सही आणि शेरा असे रकाने पत्नीने आखले होते. हा शेऱ्याचा रकाना फार उपयोगी पडला. मेंदूची सूज उतरवण्यासाठी डेक्सामेथासोनसारखे स्टेरॉइड देतात. त्याने भूक वाढते, झोप उडते, रक्तातील साखर चढते आणि माणूस उगाच चिडतो. ते टप्प्याटप्प्यानेच कमी करायचे असते. बरे वाटते म्हणून एकदम थांबवणे धोक्याचे आहे. फिट येऊ नये म्हणून देतात ते लेव्हेटिरासिटाम काही जणांना चिडचिडे किंवा उदास करते. माझ्या वहीत 'संध्याकाळी विनाकारण ओरडले' असा शेरा लागोपाठ दिसल्यावर पत्नीने ती वहीच डॉक्टरांपुढे ठेवली आणि त्यांनी औषधात बदल केला. वही नसती तर तो माझा स्वभाव बिघडला असेच सगळ्यांनी धरले असते. आपणही औषध मनाने बंद न करता असा लेखी पुरावा घेऊन डॉक्टरांकडे जावे.

भेटायला येणाऱ्यांविषयी स्पष्ट लिहितो. आपल्याकडे आजाऱ्याला पाहायला जाणे हे कर्तव्य मानतात आणि त्यामागचा जिव्हाळा खरा असतो. पण चार माणसे एकदम बोलू लागली, त्यातच दूरदर्शन संच चालू असला की नुकत्याच उघडून शिवलेल्या डोक्याला ते सोसत नाही. मेहुण्यांनी सर्वांना कळवले होते की भेट संध्याकाळी, एका वेळी दोघांनी आणि थोडाच वेळ. जे रागावले तेही पुढे समजले. गणपतीच्या दिवसांत आमच्या गल्लीतील मंडळाच्या कार्यकर्त्यांना पत्नीने स्वतः जाऊन सांगितले, तर त्यांनी आमच्या घराकडच्या बाजूचा कर्णा आपण होऊन काढून घेतला. सांगितले तर लोक ऐकतात, हे मला तेव्हा कळले.

आता मला ज्या मदतीने सर्वांत अधिक फायदा झाला तिच्याविषयी. शस्त्रक्रियेनंतर माझा उजवा हात जड झाला होता, शब्द ओठांवर येऊन अडत, आणि दिवाणजीचे ज्यावर पोट, ती बेरीज-वजाबाकी मधेच तुटत असे. भौतिकोपचार तज्ज्ञ आणि वाचा-भाषा उपचार तज्ज्ञ यांनी व्यायाम शिकवले, ते नेमाने केले. मेंदूला गमावलेली कामे पुन्हा जमू लागतात ती मुख्यतः सरावाने, म्हणून हा सराव फार मोलाचा. पण उपचार तज्ज्ञांची वेळ मोजकीच असते. उरलेला दिवस घरच्यांच्या हाती असतो. दुकानातील माझे एक सहकारी सौदे आटोपल्यावर जुन्या हिशोबपट्ट्या घेऊन येत. एक पट्टी माझ्यासमोर ठेवत: राजापुरी हळदीची पोती, वजन, दर, मग त्यातून वजा करायची हमाली आणि तोलाई. मी वजनाला दराने गुणायला लागे, हातचा धरे, आणि तो हातचा मनातून निसटून जाई. पुन्हा पहिल्यापासून. ते गृहस्थ समोर बसून राहत. आकडा त्यांना पाठ असे, तरी ते तो ओठांवर येऊ देत नसत, घड्याळाकडे पाहत नसत, 'राहू दे, उद्या करू' असेही म्हणत नसत. मी थांबलो तर पाणी पुढे करत आणि पेन्सिलीने फक्त आधीची ओळ दाखवत. पट्टी पुरी झाली की ती मूळ पट्टीशी ताडून पाहत आणि चुकली असेल तर कोठे चुकली ते मलाच शोधायला लावत.

याच्या उलट, अतिशय प्रेमाने वागणारे काही नातेवाईक माझे प्रत्येक वाक्य मी अडखळताच पुरे करत, सदऱ्याची बटणे लावून देत, घास भरवायला बसत. त्यांचे प्रेम मी विसरलेलो नाही. तरीही मला वाटते की ज्या गोष्टीला रुग्णाला वेळ लागतो पण जी त्याला करता येते, ती त्याच्यासाठी करून टाकणे म्हणजे त्याचा सराव काढून घेणे आहे. आपल्या घरच्यांना इतकेच सांगा की मी शब्द शोधत असेन तेव्हा थांबा. मी हात करीन तेव्हाच मदत करा. अपवाद चालण्याचा आणि न्हाणीघराचा. तोल सांभाळता येत नसेल तोवर तेथे कोणीतरी सोबत असलेच पाहिजे आणि न्हाणीघराला आतून कडी लावू नये.

फिट आली तर काय करायचे हे घरातील प्रत्येकाला, शाळेत जाणाऱ्या मुलालाही, शिकवून ठेवा. रुग्णाला एका कुशीवर वळवावे, आजूबाजूच्या टोकदार वस्तू दूर कराव्यात, डोक्याखाली काही मऊ ठेवावे, गळ्याजवळचे कपडे सैल करावेत आणि घड्याळ पाहावे. तोंडात चमचा किंवा बोट घालू नये, हातपाय दाबून धरू नयेत, पाणी पाजू नये, आणि कांदा किंवा चप्पल हुंगवण्याचा जो प्रकार आपल्याकडे अजूनही चालतो तो करू नये, त्याचा काही उपयोग नाही. पाच मिनिटांत फिट थांबली नाही, किंवा एकीमागून एक येऊ लागली, तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. उपास, जागरण आणि गोळी चुकणे यांमुळे फिट येण्याचा धोका वाढतो, म्हणून एकादशी असो की नवरात्र, घरातील वडीलधाऱ्यांनी आपल्याला उपासाचा आग्रह करू नये. डॉक्टर परवानगी देईपर्यंत दुचाकी चालवायची नाही, विहिरीत किंवा नदीत उतरायचे नाही आणि शिडीवर चढायचे नाही.

पुढील लक्षणे दिसली तर पुढच्या तपासणीच्या तारखेची वाट न पाहता रुग्णालयात जावे: ताप, मान आखडणे, वाढत जाणारी डोकेदुखी आणि उलट्या, नेहमीपेक्षा जास्त गुंगी, एका बाजूच्या हातापायाची नवी अशक्तता, जखम लाल होणे किंवा वाहणे, नाकातून वा जखमेतून पाण्यासारखे पातळ द्रव येणे, एका पायाची पोटरी सुजून दुखणे, अचानक धाप लागणे. ही यादी मोठ्या अक्षरांत लिहून त्या वहीच्या पहिल्या पानावर चिकटवावी.

खर्चाचे थोडक्यात सांगतो. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत मेंदूच्या अनेक शस्त्रक्रिया येतात, पण रुग्णालय योजनेत अंगीकृत, म्हणजे समाविष्ट केलेले, असावे लागते आणि ठरवून केलेल्या शस्त्रक्रियेला आधी मंजुरी घ्यावी लागते. शिधापत्रिका आणि आधार कार्ड घेऊन रुग्णालयातील आरोग्यमित्रांना, म्हणजे या योजनेसाठी रुग्णांना मदत करणाऱ्या कर्मचाऱ्यांना, आत्ताच भेटा. हे कामही कागदपत्रांची सवय असलेल्या एखाद्या नातेवाइकाला देण्यासारखे आहे. बँकेची खाती, विम्याचे कागद, मोबाइल उघडण्याचा आकडा, हे सगळे पत्नीला दाखवून ठेवा.

आणि पत्नीचीही काळजी घेणारे कोणी असू द्या. रुग्णाची चौकशी सगळे करतात, तिची कोणी करत नाही. गाठीच्या तपासणीचा अहवाल येईपर्यंत माझी पत्नी रात्रभर जागी असे आणि दिवसा मला धीर देत असे. तिची बहीण दर रविवारी येऊन तिला सक्तीने झोपायला लावी, आणि तेवढ्या वेळात मुलगी व मी त्या बहिणीच्या देखरेखीखाली भाजी निवडत बसत असू. मेनिंजिओमा बहुतांश वेळा कर्करोगाचा नसतो, तरी अहवाल हाती येईपर्यंत मन मानत नाही. नंतरही उदासी दोन आठवड्यांपेक्षा जास्त टिकली, मग ती आपली असो वा पत्नीची, तर डॉक्टरांना सांगा. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलता येते.

कामावर परतण्याची घाई करू नका आणि परतताना मालकांशी किंवा साहेबांशी मोकळेपणाने बोला. आमच्या शेठजींनी मला आधी फक्त सकाळी, सौदे सुरू होण्यापूर्वीच्या शांत वेळेत बोलावले आणि माझी प्रत्येक बेरीज दुसऱ्या कोणाकडून तपासून घेण्याची व्यवस्था केली. मी स्वतःच तशी विनंती केली होती, कारण शेतकऱ्याच्या पट्टीतील चूक त्याच्या खिशाला बसते. पुढे थकवा कमी झाला, नंतरचा एमआरआय चांगला आला, तसतसे तास वाढवत गेलो. आपल्या कामात असा तपासणारा माणूस कोण होऊ शकेल, त्याचे नाव आजच मनाशी ठरवा आणि शस्त्रक्रियेला जाण्यापूर्वी त्याच्याशी बोलून घ्या.